बीटा ब्राउझरमध्ये आमची शाहूपुरी कशी दिसली

गेले काही आठवडे दुकानातल्या दुसऱ्या मशीनवर एका मोठ्या ब्राउझरचं बीटा व्हर्जन टाकून वापरतोय, मी पण आणि दुकानात रोज येणारी माणसं पण. पहिल्यांदा बघून कुणाला काय वाटलं, काय चाललं, काय अडलं, हे सविस्तर लिहायचं होतं म्हणून बसलोय. ब्राउझरचं नाव मुद्दाम घेत नाही. टेस्ट व्हर्जन बाहेर देतात तेच मुळी चुका सापडाव्यात म्हणून, त्यावरून हा ब्राउझर चांगला आणि तो वाईट असा निकाल लावणं बरोबर नाही. आणि खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं कुठल्याही ब्राउझरमध्ये तपासून बघण्यासारखं आहे.

दुकान कोल्हापुरात, राजारामपुरीत. झेरॉक्स, प्रिंट, ऑनलाइन फॉर्म, सातबारा, दाखले, परीक्षेचे अर्ज, हेच काम. शटर वर केल्यापासून खाली ओढेपर्यंत ब्राउझर उघडाच असतो, वर्ड-एक्सेल त्यामानानं कमी लागतं. आता होतं काय की क्रोम आणि फायरफॉक्सची नवीन व्हर्जन दर काही आठवड्यांनी येतात, फायरफॉक्सनं २०२० पासून आणि क्रोमनं २०२१ पासून चार आठवड्यांचा हिशोब धरला, आणि ती आपोआप येऊन बसतात. सकाळी मशीन चालू करावं तर एखादं बटण जाग्यावर नसतं, प्रिंटची खिडकी वेगळीच दिसते, आणि समोर ॲडमिशनची मुदत संपत आलेली पोरं रांगेत. म्हणून मला बीटाचं आकर्षण वाटायला लागलं. महिन्याभरानं सगळ्यांच्या मशीनवर जे येणार आहे ते आजच बघायला मिळतं, आणि बोलायचं असेल तर बोलायची वेळ पण हीच असते. एकदा ते कोट्यवधी मशीनवर गेलं की मग कुणी ऐकत नाही असं नाही, पण बदल व्हायला वेळ लागतो, तोवर लोकांना त्याची सवय पण झालेली असते. आणि मराठी वापरणारा माणूस नेमका ह्या वेळेला गप्प असतो, हे मला फार लागतंय. इंग्रजीतल्या चुका दाखवणारे जगभर आहेत. आपल्या अक्षरातल्या चुका आपणच दाखवायच्या, दुसरं कोण दाखवणार?

टाकायला काही अवघड नाही. बहुतेक मोठे ब्राउझर टेस्ट व्हर्जन वेगळं म्हणून देतात, क्रोमचं बीटा, डेव्ह, कॅनरी असतं, फायरफॉक्सचं बीटा आणि नाइटली असतं, यातली बहुतेक नेहमीच्या व्हर्जनला धक्का न लावता शेजारी बसतात. कॅनरी आणि नाइटली ही अगदी रोजच्या रोज बदलणारी, ती धंद्याच्या मशीनवर नकोत असं माझं मत. बीटा त्यामानानं बरंच स्थिरावलेलं असतं. प्रोफाइल नवीन केलं, जुन्या खात्याशी सिंक केलं नाही, पासवर्ड एकही सेव्ह केला नाही, बँक तर त्यात उघडायचीच नाही असं ठरवून टाकलं. आणखी एक गोष्ट, टेस्ट व्हर्जन वापराची माहिती कंपनीकडं नेहमीपेक्षा जास्त पाठवू शकतं, आणि क्रॅश झाल्यावर जो रिपोर्ट जातो त्यात उघडलेल्या पानाचा पत्ता पण जाऊ शकतो. ते सेटिंगमध्ये जाऊन आधी बघून घ्या. माझा नियम सरळ होता, गिऱ्हाइकाचं आधार, फोटो, कागद ह्या मशीनवर न्यायचे नाहीत. बघायचं असेल तर स्वतःचं किंवा घरच्यांचं काम करून बघायचं.

पहिली नजर पडते ती टॅबवर. ह्या व्हर्जनमध्ये टॅब वरून काढून डाव्या बाजूला उभे लावलेत, नावं एकाखाली एक, आणि हवं तर त्यांचे गट करून रंग देता येतो. उभे टॅब काही अगदीच नवीन कल्पना नाही, फायरफॉक्समध्ये २०२५ साली आलेत, इतर काही ब्राउझरमध्ये त्याच्या आधीपासून आहेत, पण आमच्या दुकानात कुणी वापरलेले नव्हते. शेजारच्या ऑफसेट प्रेसचे दादा पेपर मागायला आले आणि स्क्रीन बघून म्हणाले, "वरचे टॅब कुठं गेले रे? काय उडवलंस काय?" मग खुर्चीवर बसले आणि पाच मिनिटांत खूश. लग्नपत्रिकांचं काम करणारा माणूस, एकावेळी चार-पाच पार्ट्यांचे नमुने उघडे असतात, त्यांनी प्रत्येक पार्टीचा वेगळा गट केला, निळा, हिरवा, पिवळा. वरची पट्टी गेल्यामुळं पान उंचीला जास्त दिसतंय हे त्यांनी लगेच ओळखलं, रोज लेआउट बघणाऱ्याची नजर आहे ती.

भाची शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करते, तिला गट-बिट सगळं माहीत होतं, तिला आवडलं ते एकाच खिडकीत दोन पानं शेजारी शेजारी उघडायचं. खरं सांगायचं तर मला पण सगळ्यात जास्त हेच आवडलं. फॉर्म भरताना डाव्या बाजूला मार्कलिस्टची पीडीएफ आणि उजव्या बाजूला फॉर्म. एरवी ह्या टॅबवरून त्या टॅबवर उड्या मारताना नावातलं एखादं अक्षर सुटतं, आडनाव आधी की नाव आधी हा गोंधळ होतो, आईच्या नावाचं स्पेलिंग मार्कलिस्टवर एक आणि फॉर्मवर एक होऊन बसतं आणि पुढं कागदपत्रं तपासताना पोरगं अडकतं. दोन्ही नजरेसमोर असली की ही भानगडच राहत नाही. मधली रेघ ओढून डावी-उजवी बाजू लहान-मोठी करता येते, ती पीडीएफकडं ओढून मोठी केली की जुन्या फिकट मार्कलिस्टवरचे आकडे पण वाचता येतात. ही सोय नेहमीच्या (स्टेबल) व्हर्जनमध्ये आली की मी पहिल्या मशीनवर पण तशीच लावणार आहे. भाची लगेच म्हणाली, "मामा, माझ्या लॅपटॉपवर टाकून दे." तिला म्हणलं परीक्षेचे फॉर्म होऊ देत, मग टाकू, मुदतीच्या दिवशी टेस्ट व्हर्जनवर विसंबायचं नाही.

आता खरा मुद्दा. आमच्याकडं एक आण्णा येतात, निवृत्त प्राथमिक शिक्षक, जन्मभर पोरांचं शुद्धलेखन तपासलेलं. पेन्शनचं काही काम असलं की येतात आणि नसलं तरी पुढारी वाचायला येतात, कागदाचा वाचून झालेला असतो तरी ऑनलाइन काय वेगळं आलंय ते बघायला. त्यांना बीटासमोर बसवलं. ते म्हणाले, "बीटा म्हंजे काय? अजून पक्कं झालं न्हाई असं?" त्यांना सांगितलं की क्रोम स्वतः २ सप्टेंबर २००८ ला आलं तेच बीटा म्हणून, डिसेंबरात तो शिक्का काढला, आणि जीमेल तर २००४ ते २००९ एवढी वर्षं बीटाच होतं आणि लोक बिनधास्त वापरत होते. ते ऐकून त्यांचं समाधान झालं. चष्मा नीट केला, डावीकडच्या टॅबच्या यादीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे शाहपरी कुठलं गाव काढलं नवीन?"

जवळ जाऊन बघितलं. टॅबचं नाव होतं शाहूपुरी, शाहूपुरीतल्या एका क्लासचं पान होतं ते. पण ओळीची खालची कड बरोबर अक्षराच्या पायाशी कापलेली. हूचा उकार गेला, पुचा उकार गेला, वरचा भाग तेवढा राहिला. शाहपरी. त्याच्या खालचा टॅब आमच्या राजारामपुरीचा, तो झालेला राजारामपरी.

मला हे आधी दिसलं नव्हतं कारण मी टॅब वाचत नाही, जागेवरून ओळखतो, आणि लहान अक्षरात डोळा सवयीनं उकार भरून घेतो. आण्णांचा डोळा तसा नाही, समोर जे लिहिलंय तेच ते वाचतात. त्यानंतर मी एक साधं पान बनवलं, त्यात जिल्ह्यातल्या बाराही तालुक्यांची आणि आसपासच्या गावांची नावं, प्रत्येक नाव एकेका टॅबला द्यायचं आणि बघायचं. करवीर, कागल, आजरा, चंदगड, राधानगरी, गगनबावडा ठीक. भुदरगडचं भदरगड. मुरगूडचं मरगड. हुपरी, चांदीच्या कामासाठी सगळीकडं नाव असलेली, ती झाली हपरी. कुरुंदवाडात पहिला उकार गेला पण रुचा राहिला, कारण रला उकार खाली लागत नाही, मध्ये बाजूला लागतो. गडहिंग्लज, हातकणंगले यांना खालून काहीच लागत नाही, ती व्यवस्थित. वरच्या बाजूला पण थोडं होतंच, रफारावर अनुस्वार आला की टिंब निम्मं कापलं जायचं, उदाहरणार्थ वर्षांत, मार्कांची, असले शब्द. पण वरचं कापलेलं कळतं तरी, उकार गेला की शब्दच दुसरा होतो. माणूस चुकीच्या टॅबवर जाईल अशातली गोष्ट नाही, पण ज्या पोराला आत्ता आत्ता वाचायला येतंय त्याच्यासमोर हे असं नको.

हे का होतं ते समजून घ्यायला थोडा वेळ घालवला. इंग्रजी अक्षराला वर-खाली जी जागा लागते ती ठरावीक असते. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, त्यावर अनुस्वार, आणि खाली उकार, त्यात जोडाक्षर उभं असलं तर अजून खाली. यादीतल्या प्रत्येक ओळीची उंची इंग्रजी धरून पक्की केलेली असली आणि त्याबाहेर जे जाईल ते लपवायचं असं सांगितलेलं असलं की आपलं अक्षर कापलं जातं. माझ्या पहिल्या मशीनवर डिस्प्ले शंभर टक्क्यांवर आहे, तिथं बीटा टाकून बघितलं तर उकार जेमतेम दिसत होता. दुसरं मशीन लॅपटॉप आहे, त्याचं स्केलिंग १२५ टक्के, तिथं कापलं जात होतं. बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज आपणहून १२५ ठेवतं, म्हणजे हे बऱ्याच जणांना दिसलं असतं.

प्रेसवाल्या दादांना दाखवलं तर ते म्हणाले अरे हे काहीच नाही, पूर्वी तर मराठी पान उघडायचं म्हणजे नशिबाचा भाग. ते बरोबर आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच नंबर देणारी पद्धत, रुळायच्या आधी मराठी वर्तमानपत्रांच्या साइट स्वतःच्या फॉन्टमध्ये असायच्या, इंटरनेट एक्सप्लोररमध्ये फॉन्ट पानाबरोबर आपोआप यायचा आणि दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान म्हणजे इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. ॲ हे अक्षर स्वतंत्र म्हणून युनिकोडमध्ये आलं तेच २००८ साली. इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला बंद झाला आणि डीटीपीवाले आजही श्रीलिपी ह्या फॉन्टच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतात हे वेगळं, पण वेबवरचं मराठी आज जे कुठंही उघडतं ते आपोआप झालेलं नाही, कुणीतरी मागं लागून करून घेतलंय. मग उरलेलं पण मागं लागूनच होणार.

दादांनीच दुसरी गोष्ट काढली, ल आणि श. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श धरलाय, शाळेत आपण तेच शिकतो. पण युनिकोडमध्ये मराठी ल आणि हिंदी ल यांचा नंबर एकच आहे, कुठला आकार दाखवायचा ते फॉन्टमध्ये असतं. काही फॉन्टमध्ये दोन्ही आकार भरलेले असतात आणि पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी असं लिहिलेलं असलं तर ब्राउझर फॉन्टला सांगतो की बाबा मराठी आकार दे. पानावर भाषा हिंदी किंवा इंग्रजी लिहिलेली असली की दंडाचा, म्हणजे उभ्या रेघेचा हिंदी ल येतो. आम्ही एकाच मजकुराची दोन पानं केली, एकावर भाषा मराठी, एकावर इंग्रजी, फॉन्ट तोच. बीटात पानातला मजकूर अगदी बरोबर बदलला, मराठी पानावर पाकळीचा ल, देठाचा श, बघून दादांना बरं वाटलं. पण त्याच पानाचं नाव टॅबवर मात्र दंडाच्या लनं. कारण टॅबची पट्टी ब्राउझरची स्वतःची, ती ब्राउझरच्या भाषेत चालते, आणि तिचा फॉन्ट पण वेगळा. ह्याला चूक म्हणायचं की नाही यावर आमची बरीच चर्चा झाली. मला वाटतं पानाला भाषा माहीत आहे तर त्याच्या नावाला पण ती लागू व्हावी. दादांचं म्हणणं, आधी मराठी साइटवाल्यांनी आपल्या पानावर भाषा मराठी असं लिहावं, मग ब्राउझरला बोला. ते पण खरं आहे. तुमची स्वतःची साइट असेल तर एवढं एक आजच बघून घ्या, एका ओळीचं काम आहे.

शोधायच्या सोयीत मात्र बीटानं मन जिंकलं. हे आमच्या धंद्यात फार लागतं, लांबलचक लाभार्थी यादी उघडायची आणि त्यात नाव शोधायचं. आता शेतकऱ्यांना हा शब्द घ्या. ह्यातला ऱ्या कुणी एका प्रकारानं टाइप करतं, कुणी दुसऱ्या, दिसायला सगळं सारखंच पण आत वेगळे कोड. एकात खास ऱ हे अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. माझ्या जुन्या व्हर्जनमध्ये मी ज्या पद्धतीनं टाइप करतो त्याच पद्धतीचे सापडायचे, दुसरे समोर दिसत असून सापडायचे नाहीत, आणि समोरच्या माणसाला सांगावं लागायचं की थांबा काका, डोळ्यानं बघतो. बीटात दोन्ही सापडले. कऱ्हाड, वऱ्हाड, तऱ्हा, दुसऱ्या, सगळं टाइप करून बघितलं, दोन्ही प्रकार सापडतात. लई बरं वाटलं. आता त्याची दुसरी बाजू, शोध थोडा सैल केल्यामुळं आचाऱ्यांना शोधलं की आचार्यांना पण सापडतं, दऱ्या शोधलं की दर्या पण येतं. मला ते चालतंय, जास्त सापडलेलं परवडतं, सुटलेलं नाव परवडत नाही. माणसाचं नाव यादीत असून नाही म्हणून घरी पाठवणं ह्यासारखं वाईट काही नाही.

फक्त ॲ अजून राहिलाय. ॲप, ॲडव्होकेट, ॲल्युमिनियम हे एक अक्षर म्हणून पण लिहितात आणि अ वर वेगळा चंद्र देऊन पण लिहितात, आणि ह्या दोन्हीची गाठ बीटात पण पडत नाही. एक शोधलं की दुसरं सापडत नाही. वकिलांच्या यादीत ॲड. शोधून बघा म्हणजे कळेल.

अंगठ्याच्या मशीनचा अनुभव सांगतो, कारण महा ई-सेवा किंवा सीएससी केंद्र चालवणाऱ्या सगळ्यांना हे लागणार आहे. पीएम किसानची ई-केवायसी अंगठ्यानं पण होते, वडिलांचं करायचं होतं, म्हणलं हेच बीटावर करून बघू. मशीन जोडलं, दिवा लागला, पण पानावर डिव्हाइस सापडत नाही असं. ह्या मशीनचं सॉफ्टवेअर आपल्याच कॉम्प्युटरवर मागं चालू असतं आणि साइट त्याच्याशी १२७.०.०.१ ह्या पत्त्यावर, म्हणजे ह्याच कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पत्त्यावर, बोलते. म्हणजे बाहेरची वेबसाइट आपल्या मशीनच्या आतल्या प्रोग्रामशी बोलते. हे पूर्वी न विचारता व्हायचं. आता ब्राउझरवाले त्यावर परवानगी घ्यायला लागलेत, कारण हाच रस्ता वापरून एखादी लबाड साइट तुमच्या आतल्या नेटवर्कमध्ये, राउटरमध्ये, प्रिंटरमध्ये डोकावू शकते. बीटात वर पत्त्याच्या पट्टीजवळ एक छोटी चौकट आली होती, ह्या साइटला तुमच्या स्थानिक नेटवर्कवरच्या डिव्हाइसशी बोलायचं आहे, परवानगी द्यायची का, असं. इंग्रजीत. परवानगी दिली, पान परत लोड केलं, वडिलांचा अंगठा लागला, काम झालं. बदल चांगला आहे, सुरक्षेसाठी असलंच पाहिजे हे माझं स्पष्ट मत. पण खेड्यातल्या सेंटरवर एखादं पोरगं गर्दीत ब्लॉक दाबून मोकळं होईल, ब्राउझर ते लक्षात ठेवेल, आणि मग दिवसभर मशीन बिघडलं, केबल बदल, ड्रायव्हर टाक, हे चालू राहील. तेव्हा तुमच्या ब्राउझरमध्ये अशी चौकट आली तर साइटचा पत्ता वाचून, सरकारी साइटच आहे ना बघून, मगच परवानगी द्या, आणि चुकून ब्लॉक झालं असेल तर पत्त्याच्या डाव्या बाजूच्या चिन्हावर क्लिक करून साइटच्या परवानग्यांमध्ये ते परत चालू करता येतं.

प्रिंटचं थोडक्यात. नवीन प्रोफाइलमध्ये कागद लेटर धरला होता, ए-फोर नाही. लेटर उंचीला कमी असतो, त्यामुळं दाखल्याच्या खालच्या दोन ओळी दुसऱ्या पानावर. एकदा बदललं की लक्षात ठेवतो. बाकी वेग, मेमरी वगैरे मला तरी काही मोठा फरक जाणवला नाही, लॅपटॉप आठ जीबीचा आहे, न वापरलेले टॅब झोपवून ठेवतो एवढं दिसलं.

उकाराचं मी रीतसर कळवलं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाचं बगझिला किंवा क्रोम ज्यावर बनतं त्या क्रोमियमचं ट्रॅकर ह्या ठिकाणी कुणालाही खातं काढून चूक नोंदवता येते आणि बहुतेक नोंदी सगळ्यांना वाचायला उघड्या असतात, माझ्या ब्राउझरचं पण तसंच आहे. आधी शोधून बघितलं की ही चूक आधी कुणी कळवली आहे का. थाई अक्षरांबद्दल त्यासारखी एक जुनी नोंद सापडली, त्या अक्षरांना पण वर-खाली खुणा असतात, तिचा नंबर माझ्या नोंदीत दिला. मग लिहिलं: कुठलं व्हर्जन, कुठली विंडोज, स्केलिंग किती, काय केलं, काय दिसायला हवं होतं, काय दिसलं. तालुक्यांच्या नावांचं ते साधं पान जोडलं, दोन स्क्रीनशॉट जोडले, एक १०० टक्क्यांचा आणि एक १२५ चा, आणि कापलेल्या उकाराभोवती लाल गोल केला. इंग्रजी माझं कामापुरतंच, छोटी छोटी वाक्यं लिहिली, भाचीनं एकदा वाचलं. देवनागरी न वाचता येणाऱ्या माणसाला काय चुकलंय हे कळावं म्हणून शाहूपुरी पूर्ण कशी दिसते आणि कापून कशी दिसते ते मोठं करून शेजारी शेजारी ठेवलं. त्याचा फार उपयोग झाला. उत्तरात एका डेव्हलपरनं फॉन्ट कुठला लागतोय ते विचारलं, तो निर्मला होता, विंडोजमध्ये देवनागरीसाठी असतो तो, आणि मग त्यांनी मान्य केलं की ओळीची उंची पक्की धरल्यामुळं हे होतंय. बोलणं सरळ, नम्र होतं, कुणी हे काय किरकोळ असं म्हणालं नाही.

आता आलेल्या बीटात टॅबच्या यादीत उकार पूर्ण दिसतो, ओळीची उंची किंचित वाढवली आहे. आण्णांना बसवून परत वाचून घेतलं, शाहूपुरी, भुदरगड, मुरगूड, हुपरी, एकेक नाव मोठ्यानं वाचलं त्यांनी आणि म्हणाले, "आता बरोबर हाय." गटाच्या नावाला जी रंगीत चिठ्ठी असते तिच्यात मात्र अजून खालचा भाग कापला जातोय, दादांनी एका गटाला कुलकर्णी असं नाव दिलं तर ते कलकर्णी दिसतं, त्याची वेगळी नोंद केली आहे. ॲ ची पण केली आहे, त्यावर अजून काही उत्तर नाही. टॅबवरच्या ल-श ची करायची आहे, पण त्याआधी ते मांडायचं कसं ते दादांबरोबर बसून ठरवणार.

फोनवरचं बीटा मी अजून बघितलेलं नाही. ज्यांच्याकडं अँड्रॉइडवर कुठल्याही ब्राउझरचं टेस्ट व्हर्जन आहे त्यांनी सेटिंगमध्ये अक्षराचा आकार मोठा करून आपल्या गावाचं, पेठेचं नाव असलेलं पान उघडावं आणि टॅबच्या यादीत ते नाव पूर्ण दिसतंय का ते बघावं. कापलेलं दिसलं तर स्क्रीनशॉट, फोनचं मॉडेल, अँड्रॉइडचं व्हर्जन आणि अक्षराचा आकार एवढं लिहून त्या त्या ब्राउझरच्या ट्रॅकरवर टाका, मराठी मोठं करून दाखवा, आणि इंग्रजी लिहायला अडत असेल तर राजारामपुरीत या, आपण बसून लिहू.